व्यसनमुक्ती समुपदेशनाची पदवी : व्हर्बेटिमच्या समासातला एक प्रश्न

खिडकीपाशी

नमस्कार. मी व्यसनमुक्ती समुपदेशनाच्या पदवीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. प्रश्न लांबलचक आहे, पण थोडक्यात सांगता येत नाहीये. कुणाची ओळख पटेल असे तपशील बदललेत.

माझे बाबा प्यायचे. आज किती झाली आहे ते मला जिन्यावरच्या त्यांच्या पावलांवरून कळायचं. सरळ वर आले तर कमी. दोन पायऱ्या, मग थांबणं, मग कठड्याचा आवाज, म्हणजे जास्त. तो आवाज आला की मी धाकट्या भावाला घेऊन आतल्या खोलीत जायचे आणि आईला खूण करायचे. बाबांवर तीनदा उपचार झाले, तिसऱ्यांदा टिकले. आता चार वर्षं झाली त्याला. या पदवीला प्रवेश घेतला तेव्हा मला मनापासून वाटत होतं की वर्गात माझ्याइतकं हे दुसऱ्या कुणाला कळत नसेल.

पहिलं वर्ष चांगलं गेलं. डीएसएम-५ या मानसिक आजारांच्या निदानपुस्तिकेतले व्यसनाचे ११ निकष शिकताना प्रत्येकापुढे घरातला एकेक प्रसंग आठवायचा, त्यामुळे पाठ करावेच लागले नाहीत. यंदा फिल्डवर्क सुरू झालं. आठवड्याला दोन दिवस उपचार केंद्रात जाते. गेल्या महिन्यात पहिल्यांदा एकटीने सेशन घेतलं. पन्नाशीचे गृहस्थ, दारूसाठी दाखल होऊन नऊ दिवस झालेले. सेशन संपल्यावर आठवेल तसं, शब्दाला शब्द व्हर्बेटिम लिहून सुपरव्हायझरना द्यावं लागतं. त्यातला हा तुकडा :

ते : पोरी, तुझं वय काय? तुला काय कळणार यातलं!
मी : कळतं मला काका. माझ्या वडिलांनाही हाच त्रास होता.
ते : (थांबले) होता? म्हणजे सुटली?
मी : हो. चार वर्षं झाली.
ते : कशी काय सुटली?
मी : त्यांनी मनावर घेतलं. तुम्हीही घेऊ शकता. निदान मुलीकडे बघून तरी.
ते : माझी मुलगी बोलत नाही माझ्याशी.
मी : बोलेल. मीपण बोलत नव्हते बाबांशी.

त्यानंतर वीसेक मिनिटं ते बाबांबद्दलच विचारत होते. उठताना म्हणाले, “तुझा बाप नशीबवान आहे.” मी अक्षरशः तरंगत घरी आले. पहिल्याच सेशनमध्ये माणूस मोकळा झाला, असं वाटलं.

दोन दिवसांनी व्हर्बेटिम परत मिळालं. माझ्या पहिल्या वाक्यासमोर समासात लाल शाईने लिहिलं होतं, ‘इथून पुढे पेशंट कोण आहे?’ आणि ‘बोलेल’ या शब्दाखाली रेघ मारून, ‘तुला कसं माहीत?’ बाकी काही नाही. मी बाथरूममध्ये जाऊन रडले. सर वाईट नाहीत, पण तेव्हापासून पेशंटसमोर बसले की घसा कोरडा पडतो. जे मला सगळ्यात जास्त कळतं असं वाटत होतं, तेच आडवं आलं.

ज्याच्या घरात हे झालंय त्याने या क्षेत्रात यावं का? खरं सांगा, समजूत काढू नका.

आणि दुसरं म्हणजे औषधशास्त्राच्या अंतर्गत परीक्षेत मला ४० पैकी ११ पडलेत. आपण औषधं लिहून देत नाही, मग समुपदेशकाला हे सगळं खरंच इतकं लागतं का?

जुना_फळा

तुला ‘तू’च म्हणते, माझी मुलगी तुझ्याच वयाची आहे. या कामात मला १७ वर्षं झाली, त्यातली शेवटची सहा विद्यार्थ्यांच्या सुपरव्हिजनमध्ये.

आधी तुझ्या व्हर्बेटिमबद्दल. बहुतेक मुलं व्हर्बेटिम लिहिताना ते नीटनेटकं करतात. स्वतःची चुकलेली वाक्यं गाळतात, पेशंटच्या तोंडी शहाणी वाक्यं घालतात. तू जसं झालं तसं लिहिलंस, म्हणून तर सरांना ते वाक्य सापडलं. हे शिकवून येत नाही.

आता ‘माझी मुलगी बोलत नाही माझ्याशी’ हे वाक्य पुन्हा वाच. वडिलांचं सांगितलंस त्यापेक्षा मला इथे जास्त खंत वाटते. नऊ दिवसांपूर्वीपर्यंत पिणारा माणूस एका अनोळखी मुलीला हे सांगतोय. त्याने दार उघडलं आणि तू ‘बोलेल’ म्हणून ते लावून घेतलंस. प्रेमाने लावलंस, पण लावलंस.

याचं मूळ तुझ्या त्या जिन्यावर आहे असं मला वाटतं. पावलांचा कानोसा घेणारं पोर दोन गोष्टी शिकतं. काय चाललंय ते झटकन ओळखायचं, आणि वाईट काही व्हायच्या आत ते मिटवायचं. पहिली गोष्ट तुला या कामात जन्मभर पुरेल. दुसरी आडवी येते. समोरच्याला दुखतंय हे दिसलं की तुझा हात आपोआप मिटवायला पुढे होतो. मोटिव्हेशनल इंटरव्ह्यूइंग या समुपदेशनाच्या पद्धतीत मिलर आणि रोलनिक यांनी याला ‘राइटिंग (righting) रिफ्लेक्स’ म्हटलंय, म्हणजे समोरच्याचं लगेच ठीक करून टाकायची ऊर्मी. ती तुझ्या एकटीत नाही, मदत करायला येणाऱ्या जवळजवळ प्रत्येकात असते. मिलर यांनी ही पद्धत पहिल्यांदा मांडली १९८३ मध्ये. तिच्या मुळाशी एक साधं निरीक्षण आहे. पिणाऱ्या माणसाच्या मनात ‘सोडावी’ आणि ‘नको सोडायला’ अशा दोन्ही बाजू असतात. तू ‘सोडा’ची बाजू उचललीस की त्याच्या हातात दुसरीच उरते. मग तो ती लढवत बसतो आणि आपण लिहितो, ‘पेशंट सहकार्य करत नाही’.

‘तुला काय कळणार’ हे ऐकून तुला तुझी लायकी सिद्ध करावीशी वाटली. तो परीक्षा घेत नव्हता. ‘मला तू काय समजशील’ अशी ती भीती होती. “खरंय काका, तुमच्या आयुष्यातलं मला काहीच माहीत नाही. तुम्ही सांगाल तेवढंच कळेल,” एवढं पुरलं असतं. आणि मुलीच्या वाक्यावर फक्त “मुलगी बोलत नाही”. त्याचेच शब्द, पण शेवटी आवाज खाली आणायचा. आवाज वर गेला की प्रश्न होतो, मग तो उत्तर देतो. खाली आला की तो स्वतःचंच वाक्य ऐकतो. आणि मग गप्प बसायचं. मनात सात आकडे मोज. आरशासमोर बसून कर हे, पहिल्यांदा फार जड जातं.

स्वतःबद्दल कधीच बोलू नये असं मी म्हणणार नाही. पण बोलण्याआधी विचारायचं, हे त्याच्यासाठी की माझ्यासाठी? आणि बोललंच तर एका वाक्यात, लगेच धागा परत त्याच्या हातात.

तू खरं सांगा म्हणालीस. माझा धाकटा भाऊ दारूने गेला. कामाची पहिली तीन वर्षं मी प्रत्येक पेशंटमध्ये त्यालाच वाचवत होते आणि मला त्याचा पत्ताही नव्हता. एक पेशंट बरा होऊन घरी गेला, दर आठवड्याला फॉलोअपला यायचा, सगळं छान म्हणायचा. दोन महिन्यांनी तो पुन्हा दाखल झाला तेव्हा कळलं की तो सहा आठवडे पीत होता. मला का सांगितलं नाही विचारलं, तर म्हणाला, “तुम्हाला फार वाईट वाटलं असतं मॅडम.” तो मला सांभाळत होता. तुझे काका ‘तुझा बाप नशीबवान आहे’ म्हणाले ना, ते वाक्य तसंच आहे. वीस मिनिटं त्यांनी तुला सांभाळलं. सरांच्या लाल शाईचा अर्थ एवढाच आहे.

तेव्हा यावं की नाही यापेक्षा, स्वतःसाठी कुणाकडे तरी जाऊन बस. समुपदेशक असो, नाहीतर व्यसनी माणसाच्या कुटुंबीयांचे गट असतात, अल-अ‍ॅनॉन १९५१ पासून चालू आहे. तो जिना तिथे उतर. पेशंटसमोर नको.

आता औषधशास्त्र. यावर मी कडक आहे. औषध तू लिहून देणार नाहीस हे खरं, पण पेशंटसमोर दिवसातला जास्त वेळ डॉक्टर नसतो, तू असतेस. एकदा एक गृहस्थ दाखल झाल्याच्या तिसऱ्या दिवशी गटात येऊन बसले. खोली गार होती आणि त्यांच्या कपाळावर घाम. शर्टाचं बटण लावायला जात होते, लागत नव्हतं. मग मांडीवरच्या चादरीवरून दोरे वेचायला लागले. चादरीवर दोरे नव्हते. नवीन सहकाऱ्याने वहीत लिहिलं होतं, ‘लक्ष नाही, अस्वस्थ’. मी गट तिथेच थांबवून डॉक्टरांना बोलावलं.

दारू एकदम थांबली की फिट्स येण्याचा धोका साधारण ६ ते ४८ तासांत असतो, आणि डिलिरियम ट्रेमेन्स, म्हणजे ते भास, भ्रम, थरथर, बहुतेक वेळा ४८ ते ९६ तासांत सुरू होतं. उपचार नाही मिळाले तर माणूस दगावू शकतो. म्हणून पहिला प्रश्न ‘किती पिता’ हा नसतो, ‘शेवटची कधी घेतली’ हा असतो. तू औषधांच्या नावांच्या याद्या पाठ करत असशील, म्हणून ११ पडले. घड्याळ काढ. मोठ्या कागदावर तास मांड, आणि कोणत्या तासाला माणूस कसा दिसतो ते लिही. सीवा स्केलवरच्या, म्हणजे दारू थांबल्यावरचा त्रास मोजायच्या तक्त्यावरच्या, दहा बाबी त्या घड्याळावर लाव : मळमळ, थरथर, घाम, बेचैनी... आपोआप बसतील. झोपेच्या आणि चिंतेच्या बेन्झोडायझेपिन गोळ्या मनाने एकदम बंद केल्या तरी असाच धोका असतो, तेही त्याच कागदावर घे.

अफूच्या वर्गातल्या नशेचं उलटं आहे. तिचा विड्रॉवल, म्हणजे बंद केल्यावर होणारा त्रास, सोसवत नाही, पण एरवी धडधाकट माणूस सहसा त्याने जात नाही. खरा धोका नंतर. काही आठवडे बंद राहिली की शरीराची सवय मोडते, आणि माणूस जुन्याच मापाने परत घेतो. तेवढ्याने श्वास थांबतो. घरी जाणाऱ्या पेशंटला आणि त्याच्या घरच्यांना हे स्पष्ट शब्दांत सांगणं तुझं काम आहे. नॅलोक्सोन, म्हणजे अशा वेळी द्यायचं उताऱ्याचं औषध, नेमकं काय करतं ते तुला झोपेतून उठवलं तरी सांगता आलं पाहिजे.

आणि अफूच्या वर्गातल्या व्यसनावर उपचार म्हणून मेथाडोन किंवा ब्युप्रेनॉर्फिन घेणाऱ्या पेशंटला ‘म्हणजे एक नशा सोडून दुसरी’ असं कधीही म्हणू नकोस. डोल आणि निस्वांडर यांनी मेथाडोनचं काम १९६५ मध्ये छापलं, तेव्हापासून या औषधांनी जीव वाचतात याचे पुरावे जमत आलेत. समुपदेशकाच्या एका नाक मुरडण्याने पेशंट औषध सोडतो. हे मी पाहिलंय.

आजचा_दिवस

ताई, मी याच पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे, वय ४१. सहा वर्षांपूर्वी मी स्वतः वॉर्डात पेशंट होतो.

तुमचा खड्डा आणि माझा खड्डा एकच, माझा जरा खोल. पहिल्या फिल्डवर्कला मी प्रत्येक सेशनमध्ये माझी गोष्ट सांगायचो. पेशंट रंगून ऐकायचे, काहींच्या डोळ्यांत पाणी यायचं. सुपरव्हायझर बाईंनी एक अख्खं सेमिस्टर मला स्वतःविषयी एक शब्द बोलायला मनाई केली. मला फार राग आला होता. मी म्हटलं, एए, अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, तर १९३५ पासून याच्यावरच चाललंय, एका दारुड्याने दुसऱ्याला आपली गोष्ट सांगायची. बाई म्हणाल्या, बरोबर आहे, मीटिंगमध्ये ती सांगच. तिथे सगळ्या खुर्च्या सारख्या असतात. इथे एक खुर्ची त्याची आहे. मीटिंगमध्ये आपण कुणाचे स्पॉन्सर, म्हणजे आधार देणारे जुने सदस्य, असू शकतो, पण त्याच माणसाचे समुपदेशक नाही. हे मला पटायला वर्ष लागलं.

पटलं ते एका माणसामुळे. चाळीस दिवस कोरडा राहिला, एका संध्याकाळी एक ग्लास घेतला, आणि मग अकरा दिवस पीत राहिला. म्हणाला, “एक गेला म्हणजे सगळंच गेलं ना, मग आता कशाला थांबायचं?” अभ्यासात मार्लाट यांचा ‘अ‍ॅबस्टिनन्स व्हायोलेशन इफेक्ट’ येतो, तो शब्दशः समोर बसला होता. एका ग्लासाने तो पडला नाही, त्या ग्लासाबद्दल स्वतःला काय म्हणाला त्याने पडला. माझ्या जिभेवर माझीच गोष्ट आली होती, कारण मीही असाच पडलो होतो. ती गिळली आणि विचारलं, “पहिल्या ग्लासाच्या आधीचा एक तास सांगा, मिनिटामिनिटाने.” त्याने सांगितलं. साहेबांचा फोन, जेवायचं राहिलं, नेहमीचा रस्ता सोडून जुन्या रस्त्याने गेला, जुना मित्र दिसला. सांगता सांगता तो स्वतःच म्हणाला, “म्हणजे मी ग्लासाच्या आधीच घसरलो होतो.” माझी गोष्ट सांगितली असती तर हे वाक्य मला ऐकायला मिळालं नसतं.

अजून एक. बदलाच्या पायऱ्या, म्हणजे व्यसन सोडताना माणूस ज्या टप्प्यांतून जातो ते, परीक्षेसाठी ओळीने पाठ करा, पण वॉर्डात त्या ओळीने येतील अशी अपेक्षा ठेवू नका. प्रोचास्का आणि डिक्लेमेंटे यांचं १९८३ चं काम स्वतःहून सिगारेट सोडणाऱ्यांवरचं होतं, आणि त्यांनीच म्हटलंय की माणसं मागेपुढे होत राहतात. सकाळी ‘सोडणारच’ म्हणणारा दुपारी ‘मला काही झालेलंच नाही’ म्हणतो. दोन्ही वेळा तो खरं बोलत असतो.

नोंदवही

बाकीच्यांनी मुद्द्याचं सांगितलंच आहे, मी कागदपत्रांचं सांगतो. अनेक ठिकाणी पदवी मिळाली म्हणजे समुपदेशक म्हणून काम करायची परवानगी मिळाली असं नसतं. देखरेखीखाली केलेल्या कामाचे तास वेगळे मोजतात, परीक्षा वेगळी असते. तेव्हा फिल्डवर्कचे तास त्या त्या आठवड्यात लिहून त्याच आठवड्यात सही घ्या. माझे दोनशेच्या वर तास सहीविना राहिले, मधेच ते केंद्र बंद पडलं, आणि सगळे पुन्हा करावे लागले. आधी केलेलं काम वाया गेलं नाही, पण वर्ष गेलं.

एक_आई

मी तुमच्या क्षेत्रातली नाही. माझा मुलगा उपचाराला होता तेव्हा तिथे एक शिकाऊ मुलगा यायचा, तुमच्याच वयाचा. तोवर भेटलेल्या प्रत्येकाने मला काय करायचं ते सांगितलं होतं. पैसे देऊ नका, दार उघडू नका, ओरडू नका, रडू नका. या मुलाने विचारलं, “काकू, तुम्ही शेवटचं सलग रात्रभर कधी झोपलात?” मला आठवेना. मी आठवत राहिले आणि तो तसाच बसून राहिला, घड्याळाकडे न बघता. त्याच्या घरात काय होतं ते मला आजही माहीत नाही. मी विचारलं नाही, आणि मला विचारावंसं वाटलंही नाही. तुम्ही शिकणं सोडू नका.

खिडकीपाशी

दहा दिवसांनी लिहितेय. सगळ्यांची उत्तरं दोनदा-तीनदा वाचली. जुना_फळा, ‘प्रेमाने लावलंस, पण लावलंस’ हे वाचून पुन्हा रडू आलं, पण या वेळी बाथरूममध्ये जावं लागलं नाही.

कॉलेजच्या समुपदेशकांकडे जायला लागलेय. पहिल्या दिवशी जिन्याबद्दल बोलले. त्या काहीच म्हणाल्या नाहीत, आणि तेव्हा कळलं की कुणी काही न म्हणणं किती बरं वाटतं. औषधशास्त्राचं घड्याळ टेबलावरच्या भिंतीला लावलंय, लाल पेनाने ४८ ते ९६ चा पट्टा रंगवला.

आणि त्या काकांबरोबर कालचं सेशन :

ते : परवा फोन लावला होता मुलीला. नाही उचलला.
मी : नाही उचलला.
(बराच वेळ शांतता. मी सात मोजले. परत सात मोजले.)
ते : उचलला असता तर काय बोललो असतो, तेच माहीत नव्हतं मला.
मी : काय बोलायचं ते सापडत नव्हतं.
ते : माफी मागायची तर नक्की कशाची? एक का गोष्ट आहे!

पुढचा अर्धा तास त्यांनी त्या गोष्टी एकेक करून सांगितल्या. मी काही मिटवलं नाही. सरांनी आज व्हर्बेटिम परत दिलं. लाल शाई एकाच ठिकाणी आहे, कंसातल्या त्या शांततेपाशी, बरोबरची खूण.

आता नवा प्रश्न. पुढच्या गुरुवारी ते घरी जाणार. मंगळवारी एक सेशन आहे, मग संपलं. निरोप कसा घ्यायचा हे मला कळत नाहीये. त्यांनी माझा नंबर मागितलाय.

जुना_फळा

वाचून फार बरं वाटलं.

नंबर देऊ नकोस. ‘नियम आहे’ म्हणून विषय झटकूही नकोस. “काका, घरी गेल्यावर कुणाशी बोलावंसं वाटेल असं वाटतंय का?” असं विचार आणि ऐकून घे. मग फॉलोअपची तारीख, तिथे कोण भेटेल त्यांचं नाव आणि रात्री-अपरात्री तलफ आली तर केंद्राचा कोणता फोन लावायचा, हे कागदावर लिहून त्यांच्या हातात दे. तोंडी नको, घरी गेल्यावर कागद राहतो. त्या नव्या माणसाशी त्यांची गाठ तुझ्यासमोर घालून देता आली तर फारच उत्तम.

निरोपासाठी शेवटच्या पाच मिनिटांची वाट पाहू नकोस. मंगळवारी बसल्या बसल्याच सांग की आज आपलं शेवटचं सेशन आहे. मग जे निघेल त्याला वेळ मिळतो. कदाचित ते त्या दिवशी रागावतील, उशिरा येतील, किंवा येणारच नाहीत. तसं झालं तर सरांकडे जा, स्वतःला दोष देत बसू नकोस.

उठताना ‘मुलगी बोलेल हं काका’ हे पुन्हा तुझ्या ओठांवर येईल. तेव्हा सात मोज. आणि या सेशनचंही व्हर्बेटिम लिही, त्याच रात्री.